कुठल्या महिन्यात

दाजी पेठेत जिथे आमचे दोन माग होते
तिथे आता माझं ऑफिस.
मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी बसवली,
तरी फिरती खुर्ची त्या जागी आली की जराशी कलते.

भिंतीवर टांझानियाचा नकाशा
आणि शेजारी बारा महिन्यांचा तक्ता, मीच स्केचपेननं रंगवलेला.
जुलै ते ऑक्टोबर लाल : गवत बसलेलं, पाणी आटलेलं,
जनावरं नदीकाठी, मगरी तयारीत.
एप्रिल-मे निळा : चिखल, अर्धे कॅम्प बंद, अर्धा दर.
हैदराबादच्या पुढे मी गेलेलो नाही.
पण महिने मला तोंडपाठ आहेत,
आणि आवाज मी असा लावतो
की कालच धूळ झटकून आलोय.

टॉवेलवाले कोंड्याल म्हणाले, मे महिना धर, पोरांना सुट्टी.
म्हटलं, शेठ, तिकडे तेव्हा पाऊस.
म्हणाले, मग बरंच की, इथं चव्वेचाळीस आहे.
त्यांचे टॉवेल तिकडच्या लॉजवर आधीच पोचलेत,
मालक मागून चाललेत.

एप्रिलात, दुपारी तीनला,
डोक्यावर ओला पंचा घेऊन रेवणसिद्ध बिराजदार आले.
नान्नजच्या माळावर एकतीस वर्षं राखणदार, आता रिटायर.
मुलगी अरुशाच्या दवाखान्यात नर्स आहे.
"पोरगी म्हणती, या कधी पण.
कधी पण म्हंजे कवा, ते तुमी सांगा."

मी लाल रंगापासून सुरू केलं.
नदी, कळप, मगर, सगळं म्हणून झालं.
डॉक्टर गोळ्यांची नावं सांगतो
तसं त्यांनी ऐकून घेतलं.
मग विचारलं,
"गवत गुडघ्याएवढं कवा असतंय?"

हे मला कोणी विचारलेलं नव्हतं.
गवत असलं की सिंह दिसत नाही, काका.
"सिंव्ह नको वो मला.
आमच्या माळढोकाचा चुलतभाऊ हाय म्हणं तिकडं.
त्यो नाचतो कवा, ते बघा की तक्त्यात."

तक्त्यात नव्हतं.

पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या,
आणि माझ्या ऑफिसात, झेरॉक्स मशीन आणि पाण्याच्या जारच्या मधे,
अडुसष्ट वर्षांच्या माणसानं गळा फुगवला,
दोन्ही हात मागून पाठीवर शेपटासारखे उभारले,
एक पाऊल टाकलं, थांबला,
आणि पोटातून आवाज काढला : हूंऽऽम्.
चहावाला पोरगा दारातच उभा राहिला.
माझ्या खुर्चीखाली, मुरमाच्याही खाली,
काहीतरी पोकळ होतं, ते घुमलं.

नंतर आम्ही अरुशाला फोन लावला.
मुलीनं दवाखान्यातल्या कुणाला विचारलं,
त्यानं गाडी चालवणाऱ्या मेहुण्याला.
फेब्रुवारी, असं उत्तर आलं,
नक्की काही नाही, पण फेब्रुवारीत पाहिलेत.
"चालतंय. गड्डा झालेला असतो, हुरडा पण संपतो.
ज्वारी काढायला भाऊ हाय."

मी तरी शेवटचा प्रयत्न केला, धंदा आहे शेवटी.
जुलै बघा ना. सगळं जग जुलैत जातं.
"जुलैत मला हितं ऱ्हावं लागतंय."
रिटायर झालात ना, काका?
"मी झालोय.
पावसात माळावर त्यो आला तर?"
शेवटचा कधी आला होता, ते मी विचारलं.
त्यांनी बोटं मोजायला घेतली,
एक हात संपला, दुसरा सुरू केला,
मग पंचा झटकला आणि म्हणाले, खिडकीची सीट द्या.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
फेब्रुवारीच्या चौकोनात पेन्सिलीनं एक बारीक खूण केली.
नंतर कोणी बघत नाही असं पाहून
मीही गळा फुगवला.
खोकला आला नुसता.
खुर्ची मात्र आपल्या जागी कलली.