सातवा मजला, बेअर शेल

क्लायंट अकराला येणार होते. साडेअकरा झालेत.
म्हणजे येतील. नगर रस्ता कुणालाच सोडत नाही वेळेवर.
तोवर ही टेप धर, शलाका,
त्या खांबापासून ह्या खांबापर्यंत.
ब्रोशर म्हणतं आठ मीटर चाळीस.
किती?
आठ वीस.
हं. लिहून ठेव, मोठ्यानं बोलू नकोस.
मालक इथंच कुठंतरी फोनवर आहे.

तुला एमबीएत यील्ड काढायला शिकवलं असेल,
मला ते अजून कागदावर बोटं मोजत करावं लागतं;
तुझ्याकडून शिकेन.
मी तुला वॉचमनशी बोलायला शिकवीन.
सोपान लोखंडे, मूळचा जिंतूरचा, खाली गेटवर बसतो.
त्याला नोटीस पीरियड हा शब्द ठाऊक नाही,
पण चौथ्या मजल्यावर जाणारे पाण्याचे जार
पन्नासाचे वीस झालेत, हे ठाऊक आहे.
आपला रिसर्च रिपोर्ट तीन महिन्यांनी तेच सांगेल,
रंगीत, चौतीस पानी.

कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप:
एकाच जागेची तीन वयं,
स्थळ बघायला आल्यावर सांगतात तशी.
तू खरं सांग. आधी सांग.
खरं सांगून हातचं गेलेलं डील?
बावीस वर्षांत तीन.
जे गेलं नाही, ते सांगतो.

कर्वे रस्ता. तळमजला, अकराशे फूट, दर्शनी काच.
वैजयंती कुर्लेकरांना चष्म्यांचं दुकान काढायचं होतं,
नवऱ्याच्या पीएफमधून. लॉक-इन तीन वर्षं.
पेनचं टोपण काढता काढता त्यांनी विचारलं,
“रस्त्याचं काही काम निघणार नाही ना?”
पत्रे कुठून कुठवर लागणार, तो नकाशा मी
आदल्याच आठवड्यात पाहिला होता,
महापालिकेत, ओळखीच्या टेबलावर.
उलटा होता, पण वाचता आला.
मी म्हणालो,
“पुण्यात काय, कुठं ना कुठं काम चालूच असतं.”
कुठल्याही वकिलाला दाखव,
एक शब्द खोटा नव्हता.

दिवाळीनंतर पत्रे लागले.
दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये दीड फुटाची बोळ.
चष्मा लागतो ती माणसं बहुतेक वयाची;
खड्ड्याच्या कडेनं कशाला येतील?
भाडं मात्र एक तारखेला जात राहिलं,
पाच टक्के वाढीसकट.
पंचवीस महिने मी स्कूटर म्हात्रे पुलावरून नेली.
दलाली दोन महिन्यांच्या भाड्याएवढी मिळाली होती.
तिचा सोफा घेतला.
अजून आहे. बसतो त्याच्यावर.

गेल्या वर्षी डोळे तपासायला गेलो, कोथरूडात,
पहिल्या मजल्यावर, जिन्याशेजारचा लहान गाळा.
त्याच होत्या.
ओळखलं त्यांनी. काही बोलल्या नाहीत.
तक्त्यावर पट्टी ठेवून एवढंच विचारलं,
“खालची ओळ वाचता येते का?”
नाही म्हणालो.

असो. हा काही सल्ला नव्हे.
सल्ला हवा तर: काळे बूट घालू नकोस,
सिमेंटची धूळ दिसते.
भोगवटा प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवतील,
तू मूळ कागद माग, तारीख वाच.
पहिली दोन वर्षं कमिशनच्या भरवशावर
हप्त्याची गाडी नको.
आणि त्या काचेपाशी उभी राहून व्ह्यू दाखवशील
तेव्हा समोरच्या रिकाम्या प्लॉटवरची पाटी
आधी खाली जाऊन वाचून ये.
पुढच्या वर्षी त्याच व्ह्यूत बारा मजले उभे असतात
आणि फोन आपल्याला येतो.
येईनासा झाला तर ते अधिक वाईट.

लिफ्ट वाजली. आले वाटतं.
टेप बॅगेत नको टाकू, हातातच असू दे.
त्यांनी विचारलं तर,
आणि विचारलं नाही तरी:
आठ वीस.