म. प्र.

मे महिना. कूलरच्या वाळ्यावर दोन बादल्या ओतून
नत्थू हेडाऊ जेवायला गेला
आणि टिमकीच्या या वाचनालयात
एकवीस हजार तीनशे सहा पुस्तकांपुढे
मी एकटी बसले. त्यांतलं एकही उघडायचं नव्हतं.

पडद्यावर दोन चौकटी:
हे शोधा. त्याजागी हे ठेवा.
पहिलीत मी म. प्र. लिहिलं
(आधी नागपूर लिहायचा कंटाळा केला, तोच नडला),
दुसरीत महाराष्ट्र.
खाली प्रश्न आला, नक्की?
नक्की.

एक हिरवी पट्टी धोट्यासारखी
या काठाहून त्या काठाला गेली,
आणि मोर्चा नाही, करार नाही,
राजधानी गेली म्हणून चौकात कोणाची हळहळ नाही,
राज्य पुनर्रचना पार पडली
चहा निवायच्या आत.

मग दिसलं.
जबलपूर, महाराष्ट्र.
सागर, महाराष्ट्र.
आपण थेट दमोहपर्यंत पोचलो होतो,
भोसल्यांच्या घोड्यांना जिथं जायला
महिना लागत असेल.

मी एकटीच मोठ्यानं हसले.
आणि मग पौनीकरबाई आठवल्या,
जांभळी शाई, करंगळीला डाग,
निवृत्तीच्या आदल्या दिवशीसुद्धा कार्ड लिहीत होत्या.
म्हणायच्या, पोरी, पुस्तक चुकीचं बोललं तरी
जसं बोललं तसंच उतरवायचं.
तुझं खरं असेल ते कंसात.

म्हणजे जबलपूर सोडा,
नागपूरसुद्धा मी चुकवलं होतं.
बावन्न साली छापलेल्या पुस्तकानं
आपला पत्ता बरोबरच सांगितला होता.
गाव जागेवरच होतं,
पाटी बदलली तेव्हा पुस्तक कपाटात होतं.

मागे फिरायला शुक्रवारचा बॅकअप होता फक्त.
शनिवारची सगळी मेहनत जाणार:
शनिवारी मी ‘टीप’ हा रकाना
एका फटक्यात रिकामा केला होता,
नव्या नमुन्यात त्याला जागा नाही म्हणून.
तीन हजारांवर टिपा. एकही वाचली नव्हती.

सर्व्हर कुंथला. दोन वेळा लाईट गेली.
साडेचारला परत आल्या त्या टिपा,
आणि या खेपेला मी वाचत बसले.

पृ. ४१ वर हळदीचे बोट, मजकूर वाचता येतो.
बांधणी शेवंताबाई कोष्टी यांनी घरी शिवून दिली. पैसे घेतले नाहीत.
शेवटचे पान नाही. शेवट हवा असल्यास नत्थूचे वडील सांगतात.
दंड माफ, बाळंतीण होती.
आणि एक, चौऱ्याहत्तर सालची:
हरवलेले नाही. वाचक बल्लारशाला नोकरीस गेला आहे. आणील.

नत्थू आला, घाम पुसत वाकून पाहिलं.
काऊन जी, दिवसभर बसून जिथल्या तिथंच?
मी म्हटलं, हो. आणि त्याला विचारलं
त्या शेवटच्या पानाचं.
बाबा गेले ना, म्हणाला. मले अर्धंच येते.
मग स्टूल ओढून बसला, सांगायला लागला.

उद्यापासून एकेक.
नागपूर, म. प्र. [महाराष्ट्र].
दिवसाला चाळीस होतील, कंस धरून.
हरवलेल्यांच्या यादीत चारशे बारा नावं आहेत,
ती सोमवारी रद्द करायची आहेत एकगठ्ठा.
चारशे अकरा करीन.