तिसरी पिन

लिमा. तिसरा मजला, गाळा तीनशे बारा.
एदिल्बेर्तो काउंटरवर पायमोजा उपडा करतो:
सहाशे चाळीस सोल, निम्मी चिल्लर,
कॉम्बीच्या दारात लटकून, स्टॉपची नावं ओरडून कमावलेली.
आवाज अजून बसलेलाच आहे.

त्याला आठ कोरचाच हवाय. चुलतभावाकडे आहे.
मी विचारते, मॉनिटर कोणता?
तो गप्प.
म्हणजे मावशीचा जुना टीव्ही.

अरे, चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
ह्या एकाच धंद्यात ते शहाणपण आहे.
कार्डासाठी ठेव काही.

खणातून काढते सहा कोरचा, वापरलेला, बिनडब्याचा.
पाठीवर कुणाच्या तरी जागरणांची
करडी पेस्ट सुकलेली.
तीन पिना वाकलेल्या,
म्हणून दोनशे दहा.

शिसं काढलेली पेन्सिल पिनेवर चढवते,
हळू उभी करते. एक.
दोन.
तो श्वास रोखून धरतो. मीही,
पण हे गिऱ्हाइकाला कशाला कळू द्यायचं.

तिसरी किंचित तिरकीच राहते.
"चालेल?"
"बसवून बघ."

पावतीवर लिहिते: गॅरंटी ७ दिवस.
तो चिल्लर परत मोज्यात भरत असतो तेव्हा
साताच्या डावीकडे
एक काढते.