जस्ट नाऊ

ब्लँटायरच्या शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं:
जस्ट नाऊ म्हणजे आत्ताच, नुकतंच.
होऊन गेलेलं, पण ऊब न गेलेलं.

इथे ग्राफ-रेनेटला नळवाला फोनवर म्हणाला,
येतो, जस्ट नाऊ.
मी हातातलं फडकं टाकून फाटकाशी उभी.
ऊन खांद्यावरून पाठीवर गेलं.
समोरच्या दुकानातला डेस्मंड हसून बेजार:
अगं तमांदा, लगेच यायचं असतं
तर ‘नाऊ नाऊ’ म्हणाला असता!
जस्ट नाऊ म्हणजे येईल कधीतरी. गुरुवारी.
नाहीतर पाऊस पडेल तेव्हा.

वहीत जुन्या अर्थाखाली मी नवा लिहिला.
खोडलं काहीच नाही.

रात्री म्हाताऱ्या हेट्टीबाईंना सूप भरवत होते.
चमचा अडवून त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं:
ख्रिस्टो इथेच होता, जस्ट नाऊ.

अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन.
व्याकरण बरोबर होतं,
अगदी फळ्यावरचं.

मग हळूच विचारलं, येईल ना परत?

मी चमचा पुढे केला.
येतील की, म्हटलं,
जस्ट नाऊ.

नळाखालची बादली
तेवढ्यात अर्धी भरली होती.