सत्तेचाळीस सेकंद

प्रसिद्धीचं काम माझ्याकडं आलं
कारण माझं अक्षर बरं, आणि फोनमध्ये जागा होती.
ऑफिस म्हणजे राजारामपुरीत
फिरोजभाईंच्या टेलरिंग दुकानाचा पोटमाळा,
खाली मशीन चाललं की वर वाक्यं हलायची.

पहिलं पत्रक मी चार रात्री लिहिलं.
'शोषणाच्या दुष्टचक्रात पिचलेल्या
समस्त घरकामगार भगिनींनो'
गुलाबी कागद, दोन हजार प्रती, प्रेसवाल्याची उधारी.
आठवड्यानं दौलतनगरात त्यात शेंगदाणे मिळाले.
हौसाक्का म्हणाली, कागद चांगला हाय गं,
तेल पाझरत न्हाई.

मग आवाज. माझाच भरला, साडेतीन मिनिटं.
बिल्किस म्हणाली, बातम्या लागल्यात वाटलं,
म्हणून बंद केलं.

तेव्हा तायव्वा म्हणाली, थांब, मी बोलतो.
दुसऱ्या दिवशी ताराबाई पार्कातून,
कुणाच्या तरी ओट्यापाशी उभं राहून, ओल्या हातानं पाठवला:
'बायांनो, आयतवारी धाला, बिंदू चौक.
दिवाळीचा बोनस मागायचाय, भीक न्हाई.
पोरास्नी घरात ठेवू नका, आणा.
चप्पल जुनं घाला, गर्दीत हरवतंय.'
मागं कुकरची तिसरी शिट्टी.
सत्तेचाळीस सेकंद.

तीनशे अकरा बाया आल्या. मी मोजल्या.
पेपरात 'शेकडो' छापलं,
सोन्याच्या जाहिरातीखाली,
फोटोत फलकाचं 'घरका' तेवढं.
तरी कात्रण मी डायरीत चिकटवलं.

पुढं पाठवलेल्या आवाजाला दार नसतं.
कुठल्या भिशीच्या ग्रुपातून, कुठल्या जावेकडून,
मंगळवारी तो त्या बाईंच्या फोनवर पोचला.
अकरा वर्षं रोज सकाळी ऐकलेला आवाज.
आणि कुकरही त्यांचाच.
'उद्यापासून येऊ नकोस.'
तीन शब्द. इतकं नेमकं
मला कधी लिहिता आलं नाही.
गुरुवारी शेजारचं घरही सुटलं.

मी यादवनगरात गेले, निषेधाचं पत्रक घेऊन.
माफी कशी लिहायची ते शिकले नव्हते.
तायव्वा तांदूळ निवडत होती.
वाच, म्हणाली. वाचलं.
'ही एक म्हैला कोण?'
तुम्हीच की. तुम्हाला त्रास नको म्हणून नाव नाही घातलं.
तिनं एक खडा काढला, दारातून बाहेर टाकला.
'कामावरनं काढताना त्यास्नी नाव सापडलं.
तुलाच घावंना व्हय?'

पत्रक तिथंच घडी करून ठेवलं.
फोन पुढं केला. लाल ठिपका लागला.
'मी तायव्वा भोसांगे. यादवनगर, मारुतीच्या मागं.
आयतवारी धाला...'
बावन्न सेकंद. पाच नावागावाला लागले.
ह्या वेळी मागं काहीच वाजत नव्हतं,
तिसऱ्या शिट्टीची जागा तेवढी रिकामी.

पाठवू का, मी विचारलं.
अंगठा बटणावर होता.
ती म्हणाली, लगीच?
आदी मला तर ऐकीव.