ट्रॅव्हल डेस्क, तिसरा मजला

फोटोत कान दिसायला हवेत, मेस्त्री.
हसायचं नाही. पांढऱ्या पडद्यासमोर
माणूस आहे तेवढाच दिसला पाहिजे.
एलबीएस मार्गावरच्या त्या स्टुडिओत जा,
दुसऱ्यांदा काढावा लागला तर तो पैसे घेत नाही,
आपलं नाव सांगा.

पासपोर्टवर तुम्ही गजेंद्र सखाराम,
बँकेत नुसते जी. एस.,
खाली शॉपफ्लोअरवर सगळ्यांचे गजाभाऊ.
तिकिटावर यातला एकच बसणार.
बाकीच्यांना विक्रोळीत राहू दे.

तीन पायांचा आपला प्लग तिकडे शिरत नाही, हा घ्या.
बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.
तूप नाही. पेढे नाहीत, देवाचे असले तरी नाहीत.
सुकट कायद्याला चालते,
शेजारच्या खोलीला चालेल का ते तुम्ही बघा.

बुधवारी मीटिंग रूम दोनमध्ये मी ऑफिसर होते.
चष्मा खाली ओढते,
आवाजातली ओळख काढून ठेवते.
कुठे? बोखुम.
किती दिवस? एकवीस.
कशासाठी? मशीन शिकायला.
नाही मेस्त्री, 'शिकायला' म्हटलंत की
ते दुसरीच खिडकी दाखवतील.
ट्रायलसाठी, म्हणा. खोटं नाही ते,
फक्त या खिडकीचं खरं आहे.

परत का याल?
हा प्रश्न मी शेवटी ठेवते.
लोक म्हणतात फ्लॅटचं कर्ज, मुलीची दहावी, आई.
तसंच म्हणावं. कागद जोडता येतात.
मेस्त्री टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले,
कापलेल्या धातूची धार तपासावी तसं,
आणि म्हणाले,
चार नंबरची ग्राइंडिंग मशीन
बिघडायच्या आधी दोन दिवस सूर बदलते.
तो मलाच ऐकू येतो.

मी ऑफिसर होते. पेन हातात होतं.
याला पुरावा काय जोडायचा?
म्हटलं, कर्जाचंच सांगा.

नवव्या दिवशी त्यांचा फोन.
आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा,
मी मुलुंडच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते.
पासपोर्ट? पोट? पोलीस?
एका श्वासात तिन्ही विचारून झालं.
नाही मॅडम, ते हळूच म्हणाले,
इथे जेवताना कुणी बोलत नाही.
सहा जण, सहा ताटं, नुसते काटे-सुरे वाजतात.
माझं काही चुकलंय का?

बावीस वर्षं माणसं पाठवते आहे.
अकरा पानांची यादी,
वकिलातीचे नंबर लाल अक्षरांत,
बर्फावरून चालायचं कसं, त्याचंसुद्धा चित्र,
आणि यावर एक ओळ नाही.

मी स्वतः दुबईच्या पलीकडे गेलेली नाही,
हे त्यांना माहीत नव्हतं.
सुचेना तेव्हा विचारलं, मशीन कशी आहे त्यांची?
आवाज एकदम विक्रोळीचा झाला.
झकास आहे हो! पण डावीकडचं बेअरिंग घासतंय,
त्यांना अजून कळलेलं नाही. सांगू का?
सांगा की, म्हटलं. उद्या जेवतानाच सांगा.
आणि शब्द?
शब्द कशाला, मेस्त्री. आवाज काढून दाखवा.

पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
एकविसाव्या दिवशी ते आले, बिलं दिली,
एक टॅक्सीची पावती हरवली होती.
टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवला
आणि चार नंबर कशी आहे, म्हणत
लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.

त्या रात्रीनंतर सकाळीच मी यादी उघडली होती.
पान सात, विम्याच्या खाली, जागा होती तिथे:
जेवताना शांतता असेल. ती तुमच्यावर रागावलेली नसते.
एचआरने विचारलं, हे कुठल्या पॉलिसीत बसतं?
अजून उत्तर दिलेलं नाही.

कोण आहे पुढे? तन्वीर सोलकर, नैरोबी.
या, बसा. पिवळ्या तापाची लस घेतलीत?
दहा दिवस आधी लागते, नंतर रडून उपयोग नाही.
फोटो बघू.
कान दिसतायत.
पण हसलात.