बारदान

कळमन्याच्या धान्य बाजारात बाबा काट्यावर,
मी काट्याच्या पलीकडे, लांजेवारांच्या अडतीत,
बिलं टाइप करते. महिना साडेअकरा हजार.
रविवारी सुट्टी. आवक दाबून आली तर तीही नाही.

संत्र्यांचा मोसम नाही हा. हरभरा येतो, थोडी तूर,
आणि दुपारी पलीकडच्या शेडमधून मिरचीचा ठसका,
जो व्यापारी, हमाल, कुत्रं
सगळ्यांना एकदमच खोकायला लावतो.

माझ्या ड्रॉवरमध्ये एक माहितीपत्रक आहे.
कृषी-व्यवसाय व्यवस्थापन, दोन वर्षं, हिंगणा रोड.
मुखपृष्ठावर एक मुलगी ट्रॅक्टरला टेकून हसते.
तिचे बूट स्वच्छ आहेत.

रद्द झालेल्या हिसाबपट्टीच्या पाठीवर मी मांडलं:
फी एक लाख पंच्याऐंशी, दुणे तीन सत्तर.
दोन वर्षं न मिळणारा पगार, दोन शहात्तर.
बेरीज सहा लाख शेहेचाळीस हजार.
मागच्या बॅचची स्नेहल उईके
वर्ध्याला खताच्या कंपनीत लागली,
चोवीस हजार, पेट्रोल वेगळं.
म्हणजे आजच्यापेक्षा साडेबारा जास्त.
म्हणजे बावन्न महिने.
सव्वाचार वर्षांत पैसे फिटतात, मी बाबांना म्हटलं,
जरा मोठ्यानेच.

बाबांनी पट्टी हातात घेतली. चष्मा नव्हता,
लांब धरून वाचली. मग म्हणाले,
"बारदान काढलं काय?"

सत्तावीस वर्षं ते हेच विचारत आलेत.
पोत्यासकट माल मोजला की कोणीतरी फसते,
मोजणारा फसत नाही, म्हणून त्यानेच विचारायचं.
एकदा रिकामं पोतं ठेवून दाखवलं होतं मला, लहानपणी,
पाचशे ऐंशी ग्रॅम.
"पाह्य," म्हणाले होते, "काहीच नाही त्यात, तरी वजन हाये."

मग मी वर्ध्याच्या खोलीचं भाडं काढलं, चार हजार.
डबा धरला नाही, जेवण तर घरीही लागतंच.
उरले साडेआठ.
भागाकार नीट गेला, शेष शून्य, शहात्तर महिने.
असा नीट गेलेला भागाकार मला आवडला नाही.

बाबा चहा प्यायले. कपावर बशी ठेवली.
म्हणाले, पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव व्हायचे,
दोघांचे हात आत, तोंडं कोरी.
"मी समोरच उभा राहो. वजन माझ्या हातचं,
भाव मले बिल झाल्यावर समजे."
यात ना तक्रार होती ना सल्ला.
मग काट्यावर गाडी लागली आणि ते गेले.

अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला वायदे बाजार आहे.
रुमालाखालचं त्यात शिकवतात का, माहितीपत्रक सांगत नाही.
स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, शिकवतात ना,
पण मी तर सध्या दुकानोदुकानी कॅलेंडर वाटून राहिली.
आणि हसली. मग थोडं थांबून म्हणाली,
पण मीटिंगमध्ये खुर्ची देतात गं.
खुर्चीचे किती धरायचे, मला कळलं नाही.
पट्टीवर तशी जागाही नव्हती.

फी भरायची शेवटची तारीख शुक्रवार. आज बुधवार.
हरभरा पाच हजार सहाशे चाळीसला उघडला.
मी बिलं टाकत राहिले, पट्टी कीबोर्डखाली सरकवली,
आकड्याचं टोक बाहेर राहिलं.

रामरतन हमाल आकडा खांद्याला अडकवून आला,
वाकून पाहिलं, नेहमीसारखं विचारलं,
"हे शहात्तर कोणाचे जी?"

माझे, मी म्हटलं.

तो मागे वळून गल्लीत शोधू लागला,
थप्पी कुठे लावली आहे ते.
"उचलू काय मग?"